ओसरीसमोरचा कोपरा

परदेशात, सुव्हा शहरात भरलेल्या शिबिराहून परत आल्यावर लोपेती मास्तरांच्या गळ्यातली निळी पट्टी काही निघेना. पट्टीच्या टोकाला प्लास्टिकचं कार्ड, कार्डावर मास्तरांचा फोटो आणि फोटोखाली ‘समन्वयक, स्त्री-पुरुष समानता’ अशी ठसठशीत अक्षरं. मास्तर ती पट्टी घालून डुकरांना खोबरं टाकायला जात, ती पट्टी घालूनच दाढी करत. रविवारी आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला ठेवणीतली चटई गुंडाळून, गळ्यात टाय आणि टायवर पट्टी अशा थाटात ते चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले, तेव्हा पाद्रीबाबांनी प्रवचन मध्येच थांबवून विचारलं, “मास्तर, काही जाहीर करायचंय का?”

मास्तरांना काहीही जाहीर करायचं नव्हतं. पण विचारल्यावर नाही म्हणणं हे चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला जमत नाही. ते उठले आणि समानतेवर बोलले. ते बसले तोवर ताउफाले गावच्या यच्चयावत घरांमध्ये भुईतल्या भट्टीत ठेवलेलं रविवारचं जेवण करपलं होतं. समानतेचा हा पहिला परिणाम. सगळ्यांचं सारखंच करपलं, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

खरं काम तसं लहान होतं. धक्क्यापाशी गावचा बाजार भरतो. बोट आली की उतारू आणि शिडाच्या होड्यांतून हिंडणारे गोरे लोक तिथे रताळी, अळकुड्या, चटया विकत घेतात. विकायला बसतात त्या सगळ्या बायका, आणि त्या बायकांना दिवसभरात जाण्यासाठी संडास नाही. टेकडीवर चर्चचा आहे, त्याला कुलूप. घरी जावं तर तेवढ्यात बोट येते. बस्स, एवढंच. पण एवढ्याशा कामात आंतरराष्ट्रीय सहकार्य शिरलं की त्याला वजन येतं. ऑस्ट्रेलियातली एक संस्था बांधून द्यायला तयार झाली आणि तिने दोन अटी घातल्या. पहिली, जागा गावाने द्यायची. दुसरी, गावातल्या बायका आणि पुरुषांनी, निम्म्या निम्म्या संख्येने, एकत्र बसून, या गरजेविषयी मोकळेपणाने बोलायचं आणि ठरवायचं.

या दुसऱ्या अटीला सुव्हात सर्वांत जोरात टाळ्या मास्तरांनीच वाजवल्या होत्या. तिथे त्यांनी ‘संडास’ हा शब्द इतक्यांदा आणि इतक्या खणखणीत आवाजात उच्चारला, की शेजारी बसलेला किरिबास बेटांचा प्रतिनिधी दोनदा बाहेर जाऊन आला.

सुव्हात मास्तरांची बहीण नव्हती, म्हणून हे जमलं. ताउफालेत सगळ्या बहिणीच होत्या.

आता आमच्या बेटांवर बहिणीसमोर भाऊ कसा वागतो हे काही नव्याने सांगायला नको. एका खोलीत बसून टीव्ही बघत नाही, तिच्या देखत थट्टामस्करी करत नाही, आणि तसल्या विषयावर बोलण्यापेक्षा धक्क्यावरून उडी मारतो. सख्खी, चुलत, मावस, चुलत्याच्या मेहुण्याची, सगळ्या बहिणीच. तीनशे वस्तीच्या गावात पुरुषाची बहीण नसलेली बाई म्हणजे फक्त त्याची बायको, आणि ती बिचारी परगावची.

मास्तरांची बायको लोसालीन अशीच परगावची, तालावाची. बाजारात तिची रताळी सर्वांत जास्त खपत. एके दिवशी ती पहाटेच टोपली भरत होती.

“अहो समन्वयक,” ती म्हणाली, “मी बोटीच्या आधी जाऊन बसते ती संध्याकाळी उठते. मधे पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. का, ते तुम्हाला तीन पावसाळे सांगतेय.”

“त्यावर उपाययोजना चालू आहे.”

“उपाय त्या नीरफणसाखाली आहे.”

मास्तरांनी दुसरीकडे पाहिलं. दुखरी नस तीच होती. मास्तरांचं घर धक्क्याच्या अगदी वर. अंगणाचा एक कोपरा थेट बाजाराला चिकटलेला. तिथे नीरफणसाचं झाड, झाडाखाली तीन डुकरं लोळत पडलेली. चर्चची जागा लांब, धक्क्याची जागा सरकारची, आणि सरकार आमच्याकडे बोटीसारखं आहे, आज येते म्हणालं की परवा येतं. राहता राहिला तो कोपरा.

“माझ्या ओसरीच्या अगदी समोर आहे तो,” मास्तर म्हणाले. “माझ्या बहिणी तिकडे ये-जा करणार आणि मी ओसरीवर बसलेला. डोळे कुठे ठेवू मी?”

“तुमचे डोळे ठेवायला जागा नाही म्हणून आम्ही तहानेलं राहायचं?”

“विषय गुंतागुंतीचा आहे. सुव्हात त्यावर एक स्वतंत्र सत्र झालं.”

“त्या सत्राला संडास होता का हो?”

“होता की. दोन होते,” मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. “फुलंसुद्धा ठेवली होती.”

लोसालीनने टोपली उचलली आणि ती काही न बोलता निघून गेली. बायको बोलत असते तोवर माणसाने निश्चिंत असावं, ही गोष्ट मास्तरांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळली नव्हती.

पहिली बैठक चर्चच्या मोठ्या खोलीत भरली. बायका वेळेवर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मग पुरुष यायला लागले. पहिला दारात आला, आत आपली बहीण पाहिली आणि म्हणाला, “अरेच्या, माझं डुक्कर सुटलंय.” दुसऱ्याचंही डुक्कर सुटलं. तिसरा डुकरं पाळत नव्हता, त्याने पहिल्याचं डुक्कर शोधायला मदत करायची ठरवली. शेवटी आत सगळ्या बायका आणि एकटे मास्तर राहिले. मास्तर खंबीर होते. पट्टी सारखी करून त्यांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात दारातून त्यांची थोरली बहीण आली, तेलेसिया आक्का.

तेलेसिया आक्का म्हणजे घराण्यातलं सर्वांत वरचं माणूस. मास्तरांच्या घरी कार्य असलं की आक्का सर्वांत वरच्या चटईवर बसायच्या, भाजलेल्या डुकराची पाठ त्यांच्या वाट्याला, आणि मास्तरांच्या घरातली जी वस्तू त्यांच्या मनात भरेल ती त्यांची. मास्तरांची मुलं त्यांच्यासमोर मान वर करून बोलत नसत. लोसालीन तर त्यांच्यापुढून जाताना वाकून जाई.

आक्का आत आल्या आणि मास्तर बाहेर होते. कसे आले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोक्याने काहीही शिबिरं केली तरी पाय आपले जुने संस्कार सोडत नाहीत.

पण समन्वयकाने बैठक सोडून कसं चालेल? मास्तरांनी खिडकीबाहेर, खिडकीकडे पाठ करून उभं राहून बैठक पुढे चालवली.

“भगिनींनो,” ते समोरच्या केळीला म्हणाले, “ज्या गोष्टीकरता आपण जमलो आहोत, ती गोष्ट अत्यंत आवश्यक आहे.”

“कुठली गोष्ट, मास्तर?” आतून एक म्हातारा आवाज आला.

“ती. जिची उणीव आहे ती.”

“बाजाराला नवं छप्पर?”

“छप्पर... छप्पर तिलाही लागेल.”

“आणि भिंती?”

“भिंती तर हव्यातच,” मास्तर कळवळून म्हणाले. “चारही बाजूंनी.”

आतून खुसखुस ऐकू आली. “दार आतून लागणारं की बाहेरून हो, मास्तर?” दुसऱ्या एका आवाजाने विचारलं, आणि मग जी हास्याची लाट उठली ती टेकडीखाली धक्क्यापर्यंत गेली.

“पुरे गं,” आक्कांचा आवाज आला. “लोपेतीला छळू नका. जा घरी आपापल्या.”

बैठक संपली. इतिवृत्तात मास्तरांनी लिहिलं, ‘भगिनींनी उत्साहाने सहभाग घेतला.’ खोटं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे फोलाऊ कुंपणापाशी आले. फोलाऊ पूर्वी बोटीवर इंजिन सांभाळत. आता इंजिन नव्हतं, म्हणून ते शेजाऱ्यांना सांभाळत. त्यांचा सल्ला मागितला तर ते एक देत, नाही मागितला तर दोन.

“मास्तर, पडदा लावा मधे,” त्यांनी पहिला दिला.

“एकत्र बसायचं आहे, फोलाऊ. पडदा चालत नाही.”

“मग पुरुषांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधा. एक तर तुमच्याकडे आहेच.”

मास्तरांनी पट्टीवर हात ठेवला.

“बरं, राहिलं. मग असे पुरुष आणा ज्यांना या गावात बहीणच नाही.”

हा सल्ला मात्र मास्तरांना पटला, आणि फोलाऊंचा एखादा सल्ला पटला की तिथूनच खरा घात सुरू होतो, हे गावातलं जनावरसुद्धा जाणत होतं. मास्तर कामाला लागले. कोणाची आजी कुठली, कोणाचा पणजोबा कुठे दत्तक गेला, हे सगळं घरोघर विचारून त्यांनी शोध घेतला, आणि सरतेशेवटी तीन पुरुष निघाले. एक, दुकानवाले लिन, ज्यांचं सगळं गणगोत चीनमध्ये. दुसरे पाद्रीबाबा, जे हापाईच्या बेटांवरून बदली होऊन आलेले. तिसरा माका, एऊआ बेटावरून नुकताच आलेला पोलीस. आणि बायका म्हणून परगावाहून आलेल्या सुना.

“म्हणजे ताउफाले गावाचं काय ते,” फोलाऊ म्हणाले, “ताउफालेचं कोणीच नसलेले लोक ठरवणार.”

“तटस्थ समिती म्हणतात तिला,” मास्तर म्हणाले.

तटस्थ समितीची सुरुवात झकास झाली. मास्तरांनी स्वतः दाराबाहेर स्टूल टाकलं आणि तिथून सूत्रं हलवली. आत तरुण माका उभा राहिला आणि छाती काढून बोलला, “भगिनींनो, लाजायचं काही कारण नाही. आमच्या पोलीस ठाण्यात तर...”

“मेल्या, तुझी आजी कुठली रे?” एका सुनेने मधेच विचारलं. तिने तरी का विचारावं? पण आमच्याकडे माणूस उभा राहिला की त्याची आजी विचारतातच. ‘बसा, पाणी घ्या’ म्हणण्यासारखंच ते आहे.

“आजी? आईची आई होय? ती तालावाची. सीसीलिया.”

“अगं बाई!” लोसालीन ओरडली. “पायाला सहा बोटं होती ती?”

“हो... तीच.”

“अरे, ती माझ्या आजीची धाकटी बहीण! म्हणजे मी तुझी बहीण की रे!”

माकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दाराशी दुसऱ्या दोन सुना बसल्या होत्या, त्याही तालावाच्याच. माका खिडकीतून गेला. खाली केळ होती म्हणून बरं. पाद्रीबाबांनी सांगितलं की परमेश्वराची तशी काही हरकत नाही, पण ज्या तोंडाने रविवारी प्रार्थना सांगायची त्याच तोंडाने हे बोलणं आपल्याला बरं दिसत नाही, आणि ते दारातून गेले. उरले लिन. ते मात्र जागचे हलले नाहीत.

“मी बोलतो की,” ते म्हणाले. “गरज आहे. माझं मत हो. पण मास्तर, एकटा मी निम्मा गाव कसा होणार? माझी बायकोसुद्धा मला निम्मा समजत नाही.”

“आणि जागा?” कोणीतरी आतून विचारलं.

“जागेचा मुद्दा पुढच्या टप्प्यात,” स्टुलावरून मास्तर म्हणाले.

आतल्या सगळ्या बायकांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून खाली धक्का दिसत होता, बाजार दिसत होता, आणि बाजाराला लागून हिरवागार नीरफणस दिसत होता. लिननीही पाहिलं. स्टुलाला खिडकी नव्हती, तरी मास्तरांना ते पाठीत टोचलं.

अशा रीतीने तयारी पूर्ण झाली असतानाच निरोप आला, की संस्थेच्या ब्रॉन्विनबाई स्वतः बैठकीला येत आहेत. सकाळच्या बोटीने यायचं, दुपारच्या बोटीने जायचं. त्या दिवशी बैठक झाली नाही, तर संडास शेजारच्या बेटाला. तिथले लोक म्हणे एकमेकांशी बोलतात.

मास्तरांच्या पाचावर धारण बसली. पट्टीचं काय होईल हा प्रश्न होताच. पण रात्री जेवताना लोसालीन नेहमीप्रमाणे तांब्याने पाणी पीत होती, दिवसभराचं एकदम, आणि तिचा तो घटघट आवाज आज पहिल्यांदाच त्यांना ऐकवेना. कोपरा देऊन टाकावा असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग डोळ्यांसमोर ओसरी आली, समोरून लगबगीने जाणाऱ्या बहिणी आल्या, आणि त्यांनी अळकुडीचा आणखी एक तुकडा घेतला.

नेमका बैठकीच्या आदल्या दिवशी लोसालीनला ताप आला. ताप हाताला लागत नव्हता, पण ती अंथरुणातून उठेना. टोपली भरून दारात पडलेली. आक्का सहज डोकावल्या.

“वन्सं, आज बाजार बुडाला हो,” लोसालीन क्षीण आवाजात म्हणाली. “एवढी तुमच्या भावाच्या मळ्यातली रताळी. कुजतील सगळी.”

“माझ्या भावाची रताळी कुजतायत आणि मी बघत बसू?” आक्का म्हणाल्या. “दे इकडे टोपली. एक दिवस मी बसते.”

“तुम्ही? बाजारात?”

“का? मला बसता येत नाही?”

“तसं नाही हो वन्सं. बरोबर शहाळं घेऊन जा. ऊन फार आहे. दोन न्या.”

आक्कांनी दोन नेली. दुपारी फोलाऊ मास्तरांना सांगायला आले, की आक्का टेकडी चढून घराकडे जाताना दिसल्या, आणि इतक्या वेगाने त्यांना कोणी आपल्या जन्मात पाहिलं नाही. “आग लागलीय का म्हणून मी विचारलं, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,” फोलाऊ म्हणाले. “आणि मागे बोट आली मास्तर. रताळी तशीच राहिली.” मास्तर त्या वेळी बैठकीचं भाषण लिहीत होते, त्यांनी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी लोसालीनचा ताप आपोआप उतरला.

ब्रॉन्विनबाई आल्या. उन्हाने नाक सोललेलं, कमरेला रीतसर चटई, बोलायला गोड. आल्या आल्या त्यांनी मास्तरांची पट्टी पाहून ‘वा’ म्हटलं, तेव्हा मास्तरांना वाटलं, चला, एक तरी माणूस आहे.

“बाई, एक छोटी अडचण आहे,” मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं. “आमच्याकडे भाऊ-बहिणीचं जरा...”

“मला ठाऊक आहे, मास्तर. मी वाचलंय,” बाई म्हणाल्या. “पण एकत्र बैठकीशिवाय मला वर कागद पाठवता येत नाही. थोडं अवघडेल. बोललं की सुटेल.”

गाव झाडून जमला होता. बैठकीनंतर भाजलेलं डुक्कर असणार अशी बातमी फोलाऊंनी परस्पर पसरवली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला दाराच्या जितकं जवळ बसता येईल तितके. आक्का खुर्चीवर, सर्वांत वर. लोसालीन खाली, पार टोकाला. लिन मधोमध, दोन्ही बाजूंना मोजायला सोयीचे.

“आपण एक खेळ खेळू,” ब्रॉन्विनबाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठ्यांच्या दोन टोपल्या पुढे केल्या. “एका टोपलीतून पुरुषाचं नाव, एकीतून बाईचं. त्या दोघांनी समोरासमोर बसायचं, आणि दिवसभरात बायकांना काय त्रास होतो ते मोकळेपणाने बोलायचं. समन्वयकांपासून सुरुवात करू या का?”

त्यांनी पहिली चिठ्ठी मास्तरांची ठेवली आणि दुसऱ्या टोपलीत हात घातला.

“ते-ले-सि-या,” त्यांनी वाचलं.

त्यानंतर त्या खोलीत जी शांतता पसरली, तशी फक्त वादळाच्या आधी समुद्रावर पसरते. एका पुरुषाचं डुक्कर सुटलं, पण उठायचं त्याला धाडस होईना. फोलाऊंना आयुष्यात पहिल्यांदा सल्ला सुचला नाही. मास्तर उभे राहिले, दोन पावलं पुढे गेले, आणि तिथेच थांबले. तोंड उघडलं तर बहिणीचा अपमान. पाठ फिरवली तर संडास शेजारच्या बेटाला. भाषण खिशात होतं, पण ते सुव्हात शोभेल असं लिहिलेलं होतं. पार टोकाला बसलेल्या लोसालीनने त्यांच्याकडे पाहिलं. रागावून नाही, नुसतंच पाहिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

बाहेर बोटीने भोंगा दिला.

“बसा ना, मास्तर,” ब्रॉन्विनबाई हळू आवाजात म्हणाल्या. आता त्यांचंही नाक घामाने चमकत होतं.

“थांब गं पोरी,” आक्का म्हणाल्या. त्या मास्तरांकडे पाहत नव्हत्या. छताच्या वाशाकडे पाहत होत्या. “लोपेती.”

“हं, आक्का.” मास्तर जमिनीकडे पाहत होते.

“तुझ्या अंगणातला तो नीरफणसाखालचा कोपरा आहे ना?”

“हो, आक्का.”

“तो मला हवा.”

बहिणीने मागितलं की कशाला म्हणून विचारायचं नसतं. विचारणारा भाऊ आमच्या बेटांवर अजून जन्माला यायचा आहे. मास्तर तरी काय अपवाद! शिबिर, सत्रं, पट्टी, ओसरी, सगळं बाजूला राहिलं आणि त्यांचं तोंड आपोआप म्हणालं,

“तुझाच आहे, आक्का.”

“डुकरं पलीकडे बांध.”

“बांधतो, आक्का.”

“आता हा कोपरा,” आक्का बायकांकडे वळून म्हणाल्या, “माझा आहे. तो मी बाजारातल्या बायकांना दिला. त्यांना तिथे काय बांधायचंय ते त्यांनी बांधावं. पुरुषांपैकी कोणाला काही म्हणायचंय?”

पुरुषांपैकी कोणालाही काहीही म्हणायचं नव्हतं.

“काय... काय झालं आत्ता?” ब्रॉन्विनबाईंनी विचारलं.

“बैठक झाली,” फोलाऊ म्हणाले. “जागा मिळाली, बायकांनी ठरवलं, पुरुष हजर होते. आता डुक्कर.”

बाईंनी एकदा आक्कांकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग त्या हसल्या आणि कागदावर त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. ‘मोकळेपणाने चर्चा’ या रकान्यात त्यांनी काय भरलं, ते देव जाणे आणि कॅनबेरा जाणे. बोट मात्र त्यांनी गाठली.

त्या दिवशी घरी परतताना लोसालीनने वाटेत बाजारात ठेवलेली आपली टोपली उचलली. मग म्हणाली, “तीन पावसाळे मी मागत होते.”

“अगं, तू बायको. ती बहीण. आक्काने मागितल्यावर नाही कसं म्हणणार?”

“म्हणजे तेच तोंड, तेच कारण, तीच तहान. फक्त बहिणीची असली की लागते, बायकोची असली की नाही.”

मास्तरांना एक उत्तर सुचलं होतं, पण ते सुव्हातलं होतं. त्यांनी ते गिळलं. आणि मग, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे, लोसालीनच्या हातातली रिकामी टोपली त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. फोलाऊंनी ते कुंपणावरून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

“मीही कोणाची तरी बहीण आहेच की हो,” लोसालीन चालता चालता म्हणाली. “तालावात. माझ्या भावाची वाडी थेट त्यांच्या बाजाराला लागून. त्याला मान वर करून बोलायची हिंमत नाही माझ्यापुढे.” आणि ती थांबली. “अगं बाई.”

पुढच्याच बोटीने ती तालावाला गेली. वाकून जाणारी ती बाई तिथे सर्वांत वरच्या चटईवर बसली, डुकराची पाठ खाल्ली, आणि जेवण झाल्यावर भावाला म्हणाली, “तुझ्या वाडीतला तो खालचा तुकडा मला हवा.” परत आली ती तो तुकडा तिथल्या बाजारातल्या बायकांना देऊनच. मग बाजारातल्या बाकीच्या सुनांनाही आपापली माहेरं आठवली. त्या वर्षी आसपासच्या बेटांवर कितीतरी भाऊ जेवायला बसले ते कोपरा घालवूनच उठले.

संडासाचं बांधकाम झालं. पांढरा रंग, निळं दार, दार आतून लागणारं. उद्‌घाटनाला सगळा गाव आला आणि भाषण अर्थातच मास्तरांचं. समोर सगळ्या बहिणी.

“हे जे आहे,” मास्तर म्हणाले, “ते आता आहे.”

आणि ते बसले. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत आखूड भाषण, आणि टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच पडल्या. रविवारचं जेवणही करपलं नाही.

मग किल्लीचा प्रश्न आला. किल्ली बाजारात खिळ्याला टांगायची, पण टांगायला दोरी नाही. लोसालीनने इकडे तिकडे पाहिलं, मास्तरांजवळ आली, आणि त्यांच्या गळ्यातली निळी पट्टी अलगद काढून घेतली. मास्तर काही बोलायच्या आत किल्ली तिला बांधली गेली. खाली कार्ड लोंबत होतं, त्यावर मास्तरांचा हसरा फोटो.

बायकांमध्ये कुजबुज झाली. आक्कांनी भुवई उंचावली.

“कार्ड काढ आधी,” आक्का म्हणाल्या. “भावाचा फोटो हातात धरून कुठली बहीण जाईल गं?”

कार्ड मास्तरांना परत मिळालं. ते त्यांनी ओसरीवर, टेबलाच्या खणात ठेवलं.

आता मास्तर रोज सकाळी ओसरीवर बसतात, पण खुर्ची फिरवून. तोंड घराच्या मागच्या बाजूला, जिथे डुकरं हलवली तिकडे. बहिणी येतात, जातात, पट्टी खिळ्यावरून उतरते, पुन्हा चढते. मास्तरांना त्यातलं काही दिसत नाही. डुकरं दिसतात. डुकरांविषयी त्यांची मतं अलीकडे बरीच परिपक्व झाली आहेत.

मात्र पाठ फिरवून बसलेल्या माणसाला ऐकू फार स्वच्छ येतं. धक्क्यावर बोटीचा भोंगा ऐकू येतो, आक्कांचा हुकूम ऐकू येतो. आणि भर उन्हात, बाजार ऐन भरात असताना, मागून लोसालीन शहाळं तोंडाला लावते तो आवाज ऐकू येतो, घटघट, घटघट, तळाला जाईपर्यंत.

“अहो समन्वयक,” ती ओरडते. “आणखी एक फोडा!”

मास्तर मागे न बघता कोयता उचलतात.